सिद्धगड आणि देशोदेशीचे युद्धस्मृतिदिन

(इतिहास व नागरिकशास्त्र. वरच्या प्राथमिक वर्गांसाठी पाठविवेचन व उपक्रम)

प्रयोजन

शाळांतून वर्षभरात अनेक स्मृतिदिन पाळले जातात. फलकावर नाव लिहिले जाते, प्रतिमेस हार घातला जातो, प्रार्थनेनंतर दोन मिनिटे स्तब्धता होते आणि वर्ग सुरू होतात. विधी बिनचूक पार पडतो, परंतु त्याच दिवशी दुपारी, "सकाळी आपण कोणासाठी उभे राहिलो होतो?" असे विचारले असता पुष्कळ मुलांस उत्तर देता येत नाही. अशी स्तब्धता म्हणजे कवायतीतील 'सावधान'च होय. तीत शरीर स्थिर होते, मन नव्हे.

वास्तविक आपल्या भाषेनेच येथे एक सूक्ष्म भेद करून ठेवला आहे. सण आणि जयंती आपण साजरी करतो. व्रत, वचन आणि स्मृतिदिन मात्र पाळतो. पाळण्यात जबाबदारी आहे. ती जबाबदारी मुलांच्या मनात कशी रुजवावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. त्यासाठी आपल्या तालुक्यातील एका स्मृतिदिनापासून आरंभ करून देशोदेशी युद्धात पडलेल्यांचे स्मरण कसे होते ते पाहावयाचे आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र येथे उत्तम लागू पडते.

आरंभ सिद्धगडापासून

मुरबाड तालुक्यातील मुलांस सिद्धगड परका नाही. शहापूरच्या मुलांस माहुली जसा, तसाच मुरबाडकडील मुलांस हा डोंगर. सह्याद्रीच्या या रानात दि. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील हे दोघे पोलिसांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले.

भाई कोतवालांचा जन्म दि. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात झाला. त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविले, खेड्यापाड्यांतील मुलांसाठी शाळा चालविल्या आणि सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारे उभारली. सन १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली, तेव्हा त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईकडे वीज वाहून नेणारे लोखंडी मनोरे पाडून कारखाने आणि रेल्वे बंद पाडावी, अशी या दस्त्याची रीत होती. कर्जत तालुक्यातील मानिवली गावचे गोमाजी पाटील व त्यांचे पुत्र हिराजी हे या कामी त्यांच्यासमवेत होते. अखेर सुगावा लागून हॉल या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने सिद्धगडाच्या रानात त्यांस गाठले.

तेव्हापासून २ जानेवारी हा दिवस या मुलखाने विसरलेला नाही. दर वर्षी त्या दिवशी पहाटेच्या अंधारात आणि थंडीत मुरबाड, कर्जत व आसपासच्या गावांतून लोक सिद्धगडाच्या पायथ्याशी जमतात आणि हुतात्म्यांस मानवंदना देतात. हा प्रसंग पहाटे घडला, म्हणून स्मरणही पहाटेच होते. ही गोष्ट शिक्षकांनी मुलांच्या ध्यानात आणून द्यावी; पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आपली जुनी रीत

युद्धात पडलेल्यांचे स्मरण ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. महाराष्ट्रात गावोगावी देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ उभे केलेले कोरीव दगड दिसतात. त्यांस वीरगळ म्हणतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीरास स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर सूर्यचंद्र अशी त्यांची सामान्य रचना असते. सूर्यचंद्र असेतो ही आठवण राहो, असा त्याचा अर्थ. मुंबईजवळ बोरिवलीतील एकसर येथील वीरगळ विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांवर गलबतांची समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. मात्र पुष्कळ वीरगळांवर नाव नसते. दगड राहिला, शेंदूर राहिला. माणूस कोण होता हे गाव विसरले.

दुसरी रीत पंचांगात आहे. पितृपक्षातील भाद्रपद वद्य चतुर्दशी ही तिथी शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धासाठी राखून ठेवलेली आहे. आणि ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या आहे. रणात पडलेल्यांची वेगळी आठवण ठेवावी आणि जो कोठे, केव्हा गेला हे कळले नाही तोही विन्मुख राहू नये, हे दोन्ही विचार आपल्या समाजात पूर्वीपासून आहेत. ही माहिती प्रथम सांगितल्यास पुढील परदेशी उदाहरणे मुलांस आपलीशी वाटतील.

देशोदेशीचे स्मृतिदिन

पहिले महायुद्ध दि. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता थांबले. पुढील वर्षी त्याच दिवशी, त्याच वेळी, राजे पंचम जॉर्ज यांच्या आवाहनावरून ब्रिटन व त्याच्या साम्राज्यात दोन मिनिटे स्तब्धता पाळण्यात आली. ही कल्पना दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरातून आली होती. तेथे युद्ध चालू असतानाच, १९१८ च्या मे महिन्यापासून, दुपारच्या तोफेबरोबर सारे शहर रोज क्षणभर थबकत असे. आपण ३० जानेवारीस सकाळी ११ वाजता जी दोन मिनिटे उभे राहतो, त्या रीतीचा उगम असा आहे. ब्रिटनमध्ये आता मुख्य समारंभ नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी लंडनमधील सेनोटाफ या स्मारकापाशी होतो. सेनोटाफ म्हणजे रिकामे थडगे. त्या दिवसांत लोक छातीवर कागदी तांबडे फूल लावतात. खसखशीच्या जातीचे हे रानफूल. तोफांनी उकरलेल्या बेल्जियम व फ्रान्सच्या रणभूमीवर तेच प्रथम उगवून आले, म्हणून ते स्मरणाचे चिन्ह ठरले.

महायुद्धात लक्षावधी सैनिकांची प्रेते ओळखण्यापलीकडे गेली होती. अशा सर्वांच्या वतीने एकाचा सन्मान करावा, या हेतूने दि. ११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडन व पॅरिस येथे अज्ञात सैनिकाच्या समाधीचे समारंभ झाले. पॅरिससाठी सैनिक निवडण्याची रीत मुलांस अवश्य सांगावी. व्हर्दें येथे एकसारख्या आठ शवपेट्या मांडल्या होत्या. एका तरुण शिपायाच्या हाती फुलांचा गुच्छ दिला. त्याने ज्या पेटीवर तो ठेवला, तो सैनिक राष्ट्राचा झाला. तो कोणाचा मुलगा हे कोणासही ठाऊक नसल्यामुळे, ज्या मातेस आपल्या मुलाचे प्रेत मिळाले नाही तिला तो आपलाच म्हणता आला. सर्वपित्री अमावास्येचा भाव याहून फार वेगळा नाही. त्या समाधीवरील ज्योत दि. ११ नोव्हेंबर १९२३ रोजी प्रथम प्रज्वलित झाली आणि आजही रोज सायंकाळी ती नव्याने चेतविण्याचा विधी होतो.

फ्रान्समध्ये लहानशा खेड्यातही त्या गावच्या मृतांची नावे कोरलेला स्तंभ असतो. ११ नोव्हेंबरला गावकरी तेथे जमतात. एकेक नाव वाचले जाते, पुष्कळ ठिकाणी ते शाळेतील मुलेच वाचतात, आणि प्रत्येक नावानंतर 'फ्रान्ससाठी मृत्यू पावला' असे उत्तर दिले जाते. हा जणू शाळेचा हजेरीपटच. फरक इतकाच की, 'हजर' म्हणण्यास तो विद्यार्थी नाही. त्याच्याऐवजी गाव उत्तर देते.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांचा दिवस २५ एप्रिल हा आहे. १९१५ साली त्या तारखेस पहाटे त्यांचे सैनिक तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले आणि पुढे आठ महिने लढूनही त्यांस माघार घ्यावी लागली. त्या मोहिमेत भारतीय सैनिकही होते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, या देशांनी विजयाची तारीख निवडली नाही. जेथे आपली माणसे पडली ती पराभवाची तारीख निवडली. त्या दिवशी लोक पहाटेच्या अंधारात जमतात व उजाडेपर्यंत उभे राहतात. सिद्धगडावरही आपण पहाटेच जमतो. हजारो कोसांचे अंतर असलेल्या दोन समाजांनी एकमेकांस न विचारता एकच रीत स्वीकारली आहे.

अमेरिकेत १८६८ साली ३० मे रोजी यादवी युद्धातील मृतांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस सुरू झाला. आता तो मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी येतो. सलग सुटीमुळे तो सहली आणि खरेदीचा दिवस बनू लागला, तेव्हा सन २००० मध्ये तेथील विधिमंडळास कायदा करून, दुपारी ३ वाजता क्षणभर थांबून मृतांस आठवावे, असे सुचवावे लागले. सुटी आली की स्मरण आपोआप होतेच असे नाही.

जर्मनीचे उदाहरण सर्वांत विचार करण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे 'लोकशोकदिन' सुरू झाला. १९३४ साली हिटलरच्या राजवटीने त्याचे नाव बदलून 'वीरस्मरणदिन' केले. अर्ध्यावर उतरणारा ध्वज पुन्हा पूर्ण वर चढला आणि शोकाच्या दिवसाचा उपयोग पुढील युद्धाची चेतावणी देण्यासाठी होऊ लागला. त्याचे फळ जगाने पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने जुने नाव परत घेतले. आता नोव्हेंबरच्या मध्यास येणाऱ्या एका रविवारी, स्वदेशाचे सैनिकच नव्हे, तर युद्धात आणि जुलमी राजवटीत बळी पडलेल्या सर्व देशांच्या माणसांचे स्मरण केले जाते. बर्लिनमधील राष्ट्रीय स्मारकात तलवार किंवा घोडा नाही. मृत मुलास कवटाळून बसलेली एक आई आहे. मूळ शिल्प केटे कोलविट्झ या कलावतीचे. तिचा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरात युद्धात पडला होता.

जपानमध्ये १५ ऑगस्ट हा युद्धमृतांच्या स्मरणाचा दिवस आहे; दुपारी १२ वाजता तेथे स्तब्धता पाळतात. आपल्या आनंदाचा दिवस दुसऱ्या देशात शोकाचा असू शकतो, हे मुलांस समजण्यास एवढे उदाहरण पुरे आहे. हिरोशिमा शहर ६ ऑगस्टला सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी, म्हणजे १९४५ साली अणुबाँब फुटला त्या वेळी, थांबते. सायंकाळी नदीत कागदी कंदील सोडले जातात. सादाको सासाकी ही मुलगी त्या स्फोटाच्या किरणांमुळे झालेल्या रक्ताच्या कर्करोगाने १९५५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, वारली. आजारपणात तिने कागदाचे असंख्य क्रौंच पक्षी घडविले. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला आणि १९५८ साली तेथे बालकांचे शांतिस्मारक उभे राहिले. आजही जगभरातील शाळांतून तेथे कागदी पक्षी येत असतात.

भारतातील स्मरणे

दिल्लीचे इंडिया गेट हे मुख्यतः पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सुमारे ७४ हजार भारतीय सैनिकांचे स्मारक असून त्यावर १३ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. १९७१ च्या युद्धानंतर दि. २६ जानेवारी १९७२ रोजी त्याच्या कमानीखाली अमर जवान ज्योतीचे उद्‌घाटन झाले. दि. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी जवळच राष्ट्रीय युद्ध स्मारक राष्ट्रास अर्पण करण्यात आले आणि २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटची ज्योत तेथील ज्योतीत विलीन करण्यात आली. नव्या स्मारकातील त्यागचक्राच्या भिंतींवर स्वतंत्र भारतासाठी प्राण देणाऱ्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत.

सर्व युद्धांतील मृतांसाठी एकच दिवस अशी रीत आपल्याकडे नाही. ३० जानेवारी हा हुतात्मा दिन, २६ जुलै हा कारगिल विजय दिन, २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन, ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन आणि १६ डिसेंबर हा १९७१ चा विजय दिन, असे हे दिवस वर्षभर विखुरलेले आहेत. म्हणून प्रत्येक दिवशी कोणाचे व कशासाठी स्मरण आहे हे वेगवेगळे सांगणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

एक अवघड प्रश्न

हा पाठ शिकविताना एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "गुरुजी, ब्रिटिशांच्या पोलिसांनी भाई कोतवालांना मारले, मग ब्रिटिशांच्या फौजेत लढून मेलेल्यांची आठवण आपण का ठेवायची?" हा प्रश्न टाळू नये. पाठाचा गाभा येथेच आहे.

सिद्धगडाच्या घटनेनंतर दीड वर्षाने, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले. त्यांच्या तुकडीतील इतर सारे आधीच पडले किंवा घायाळ झाले होते. मशीनगन बंद पाडल्यावर ते स्वतः गोळ्यांस बळी पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. इटलीतील कासिनो येथे, ज्यांचे थडगे माहीत नाही अशांच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. म्हणजे एकाच कोकणपट्टीतील एक तरुण त्या सरकारविरुद्ध लढताना पडला आणि दुसरा त्याच सरकारच्या गणवेशात हुकूमशाहीविरुद्ध लढताना पडला.

त्याआधीच्या पिढीचेही असेच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. उपासमारीने, तापाने आणि कैदेत कितीएक गेले. बसरा येथील स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र केवळ संख्या. सन २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने, आशिया व आफ्रिकेतील मृतांच्या स्मरणात भेदभाव झाला हे मान्य करून जाहीर क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, नाव न कोरणे हा अन्याय होता असे ठरले.

म्हणून विद्यार्थ्यास उत्तर असे द्यावे: दोघांच्या कार्याचे मोल एकच आहे असे कोणी म्हणत नाही. कोतवाल व पाटील यांनी मरण स्वतः स्वीकारले, आणि ते देशाच्या मुक्तीसाठी. त्यांचा मान वेगळा आहे. फौजेत गेलेले कोणी घराण्याच्या रिवाजाने गेले, कोणी पोटासाठी. युद्ध कोणाचे, हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. मृतास आठवणे म्हणजे ते युद्ध योग्य मानणे नव्हे. हुतात्म्याचा आदर करावा आणि शिपायाचे नाव पुसले जाऊ देऊ नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. जर्मनीला हे फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

पाठाचे सार

वरील उदाहरणांवरून नियम मुलांकडूनच काढून घ्यावा. जेथे स्मरण टिकले आहे, तेथे चार गोष्टी आढळतात: घटनेशी जुळणारी वेळ, ठरलेली जागा, मोठ्याने उच्चारलेले नाव आणि लहानांच्या हातून होणारी एखादी कृती. यांपैकी नाव गळाले की वीरगळाचा नुसता दगड होतो. कृती गळाली की सुटी उरते. आणि शोक गळाला की स्मृतिदिनाचे रूपांतर चेतावणीच्या सभेत होते.

पाठ कसा घ्यावा

दि. २ जानेवारीपूर्वी दोन तासिका योजाव्यात. पहिल्या तासिकेत सिद्धगडाची हकीकत, वीरगळ व पंचांगातील तिथी ही सामग्री घ्यावी. दुसऱ्या तासिकेत जगाच्या नकाशावर लंडन, पॅरिस, गॅलिपोली, बर्लिन व हिरोशिमा ही ठिकाणे दाखवून प्रत्येकी एकच गोष्ट सांगावी. तारखांची यादी पाठ करवू नये. हत्येची वर्णने रंगवू नयेत. कोणत्याही देशाविषयी किंवा समाजाविषयी द्वेष उत्पन्न होईल असे शब्द वापरू नयेत.

प्रत्यक्ष २ जानेवारीस परिपाठाच्या वेळी एका विद्यार्थ्याने दोन्ही हुतात्म्यांची पूर्ण नावे, गावे व घटनेची तारीख स्पष्ट आवाजात सांगावी. गावातील कोणी सैनिक कामी आला असल्यास घरच्या मंडळींची संमती घेऊन त्याचेही नाव घ्यावे. त्यानंतरच स्तब्धता पाळावी. आधी नाव, मग मौन, हा क्रम मोडू नये. पहिलीच्या मुलांस दोन मिनिटे जड जातात. त्यांच्यासाठी अर्धा मिनिट पुरे. मौन ही शिक्षा वाटता कामा नये.

प्रश्न

१. 'साजरा करणे' व 'पाळणे' यांत काय फरक आहे? प्रत्येकी दोन उदाहरणे द्या.
२. सिद्धगड व गॅलिपोली येथील स्मरणांत कोणते साम्य आहे?
३. अज्ञात सैनिकाची समाधी कोणासाठी असते? सर्वपित्री अमावास्येशी तिची तुलना करा.
४. जर्मनीतील स्मृतिदिनाचे नाव १९३४ मध्ये बदलल्याने काय बदलले?
५. बसरा येथील स्मारकात कोणती उणीव राहिली?

उपक्रम

१. गावात किंवा शेजारच्या गावात वीरगळ असल्यास पाहून त्याचे चित्र काढावे. तो कोणत्या अवस्थेत आहे, हे लिहावे. शेंदूर खरवडू नये, दगड हलवू नये.
२. घरातील वडीलधाऱ्यांस, गावातून फौजेत किंवा स्वातंत्र्यलढ्यात कोण गेले होते, हे विचारून नावांची वही तयार करावी. ती शाळेत जपून ठेवावी व दर वर्षी पुढील वर्गाने तीत भर घालावी.
३. वरच्या वर्गांनी गावकऱ्यांसमवेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सिद्धगडाच्या पायथ्याशी जाऊन हुतात्म्यांस फुले वाहावीत. जे दूर आहेत त्यांनी शाळेच्या अंगणात सिद्धगडाच्या दिशेस तोंड करून उभे राहावे.

ही वही म्हणजेच या पाठाची खरी परीक्षा होय. एका वर्षी तीत दोनच नावे आली तरी चालतील. ती दोन नावे ज्या मुलाने आपल्या हाताने लिहिली, त्यास पुढच्या २ जानेवारीस आपण कोणासाठी उभे आहोत, हे विचारावे लागणार नाही.